पक्षाघात आणि मेंदूत पोहोचवायची अँटिऑक्सिडंट प्रथिनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षाघातावरच्या (ब्रेन स्ट्रोकवरच्या) संशोधनाच्या बातम्यांत एक मथळा ठरावीक काळाने परत येतो: अमुक प्रथिन मेंदूत पोहोचवलं आणि उंदरांमधली हानी निम्म्यावर आली. घरात कुणाला नुकताच झटका येऊन गेला असेल तर असं वाचून आशा वाटते, आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण नेमकी माशी तिथेच शिंकते.

पक्षाघातात मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही. मग अँटिऑक्सिडंटचं तिथे काय काम? उलट ऑक्सिजनच हवा ना?

हवाच. पण घाव दोनदा बसतो. एकदा रक्त थांबतं तेव्हा आणि दुसऱ्यांदा ते परत येतं तेव्हा.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास २० टक्के एकटा मेंदू वापरतो. साठा असा तो ठेवतच नाही, हातावर पोट असल्यासारखं त्याचं चालतं. गुठळीने धमनी बंद केली की काही मिनिटांत पेशींची ऊर्जा संपते, आयनांचे पंप थांबतात, कॅल्शियम आत घुसतं. या उपासमारीत पेशीमध्ये अर्धवट मोडलेली रसायनं साचत जातात: एटीपी या पेशीच्या ऊर्जारेणूच्या मोडतोडीतून हायपोझँथिन, तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांत) सक्सिनेट.

मग गुठळी विरघळते किंवा काढली जाते आणि रक्त परत येतं. साचलेलं सक्सिनेट भराभर वापरलं जातं, तंतुकणिकेतली इलेक्ट्रॉनांची साखळी काही काळ उलटी फिरते, आणि ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटून सुपरऑक्साइड तयार होतो. झँथिन ऑक्सिडेज आणि एनएडीपीएच ऑक्सिडेज ही विकरं (एन्झाइम) त्यात भर घालतात.

सुपरऑक्साइड स्वतः तितकासा भयंकर नाही, त्याची संगत वाईट. नायट्रिक ऑक्साइडशी गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट होतं. सुपरऑक्साइडपासून झालेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला सुटं लोह भेटलं की हायड्रॉक्सिल मूलक (फ्री रॅडिकल, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनमुळे अस्थिर असलेला रेणू) जन्माला येतो, आणि तो समोर येईल त्याचे लचके तोडतो. मेंदूच्या पेशीपटलांमध्ये असंतृप्त मेदाम्लं भरपूर, त्यामुळे आग पसरायला इंधन तयारच असतं. रक्त परतल्यानंतरच्या या नुकसानीवर अँटिऑक्सिडंटचा मारा अपेक्षित आहे.

एवढ्या वेळात पेशी मरून गेलेल्या नसतात का? वाचवायला उरतं काय?

रक्त तुटलेल्या भागाच्या अगदी मध्यावरच्या पेशी मरतात, त्यांना कुणीच वाचवू शकत नाही. पण भोवती एक पट्टा असतो, तिथे शेजारच्या वाहिन्यांमधून जेमतेम रक्त पोहोचत राहतं. तिथल्या पेशी काम थांबवतात, पण जीव धरून असतात. डॉक्टर या पट्ट्याला पेनंब्रा म्हणतात. शब्द ग्रहणाच्या उपच्छायेसाठीचा आहे, आणि चपखल आहे. गुठळीच्या पक्षाघातावरचे तातडीचे उपचार मुख्यतः या उपछायेतल्या पेशींसाठीच असतात.

किती वेळ असतो? मोठी धमनी बंद पडून उपचार मिळाला नाही तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. माणसागणिक हा वेग खूप बदलतो, काहींची उपछाया दिवसभरही टिकते. म्हणूनच २०१८ पासून निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंतही गुठळी ओढून काढतात.

ही प्रथिनं नेमकी कोणती?

सगळ्यात जुनं नाव सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजेच एसओडी. ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये त्याचं काम ओळखलं. गंमत म्हणजे हे प्रथिन त्याआधी कित्येक वर्षं माहीत होतं. त्यात तांबं आहे हे ठाऊक होतं, ते करतं काय एवढंच कुणाला कळत नव्हतं. दोन सुपरऑक्साइड घेऊन ते एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन पेरॉक्साइड देतं, आणि इतक्या वेगाने देतं की रेणू त्याच्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हीच जवळजवळ त्याची मर्यादा.

पुढचं काम कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज करतात, म्हणजे पेरॉक्साइडचं पाणी. त्याखेरीज पेरॉक्सिरेडॉक्सिन, थायोरेडॉक्सिन, हीम ऑक्सिजनेज यांच्यावरही काम झालं आहे.

व्हिटॅमिनांपेक्षा ही वेगळी कशी, हे लक्षात घ्या. व्हिटॅमिन ईचा रेणू साधारण एका मूलकाला थोपवतो आणि स्वतः खर्ची पडतो. विकराचा रेणू काम करून पुन्हा मोकळा होतो, पुढच्याला घेतो. म्हणून थोडंसं पोहोचलं तरी पुरेल, ही आशा.

शरीरात ती आधीपासूनच आहेत ना? मग बाहेरून कशाला?

आहेत, पण मेंदूत कॅटॅलेज मुळातच बेताचं, आणि रक्त परततं त्या पहिल्या तासांत मूलकांचा लोंढा एवढा असतो की घरची फौज अपुरी पडते. पेशी नवीन विकरं बनवायला घेते, पण ऊर्जाच नसताना प्रथिनं बनवणं म्हणजे दुष्काळात विहीर खणणं.

जादा फौजेने फरक पडतो हे उंदरांमध्ये दाखवलं गेलं आहे. माणसाचं एसओडीचं जनुक घालून ते विकर जास्त बनवणारे उंदीर तयार केले गेले. १९९१ च्या प्रयोगात अशा उंदरांचा मेंदू झटक्यानंतर कमी खराब झाला. दोन वर्षांनी धमनी कायमची बंद ठेवून तोच प्रयोग केला, तेव्हा फायदा दिसला नाही. हा दुसरा निकाल फारसा कुणी सांगत नाही. मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. रक्त परत येणारच नसेल, तर परतीच्या नुकसानीवरचं औषध कशाला लागू पडेल?

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेऊन भागणार नाही का?

नाही. प्रथिन तोंडाने घेतलं की जठर आणि आतडं त्याचं जे इतर प्रथिनांचं करतात तेच करतात: अमिनो आम्लांपर्यंत तुकडे. एसओडी लिहिलेली कॅप्सूल गिळून ते मेंदूच्या पेशीत जाईल, ही कल्पना जाहिरातीत बरी.

व्हिटॅमिनांचं म्हणाल तर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ जोखमीच्या लोकांना पाच वर्षं व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा कॅरोटीन किंवा नुसतीच बिनऔषधी गोळी दिली होती. रक्तातली व्हिटॅमिनं वाढली, पक्षाघात कमी झाले नाहीत.

शिरेतून इंजेक्शन दिलं तर?

इथे दोन अडचणी आहेत आणि दोन्ही खऱ्या.

पहिली मूत्रपिंडाची. एसओडी हे छोटं प्रथिन, सुमारे ३२ हजार डाल्टन (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक). मूत्रपिंड ते भराभर गाळून टाकतं, रक्तात ते मिनिटांच्या हिशेबात टिकतं. यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडून त्याचा आकार फुगवायची युक्ती निघाली आणि रक्तातला मुक्काम कित्येक तासांवर गेला. पण फुगलेलं प्रथिन मेंदूत शिरायला आणखी अवघड. असं एसओडी डोक्याला गंभीर मार लागलेल्या साडेचारशेहून अधिक रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. १९९६ मध्ये निकाल आला, ठोस फायदा नाही.

दुसरी अडचण रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडथळ्याची. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये फटी असतात. मेंदूत त्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. लहान, मेदात विरघळणारे रेणू झिरपतात, ग्लुकोजसारख्यांना खास दारं आहेत, बाकीच्यांना मज्जाव. औषधासाठी तयार केलेल्या लहान रेणूंपैकीही बहुतेक आत जात नाहीत, मग हजारो अणूंच्या प्रथिनाची काय कथा. कॅटॅलेज तर एसओडीच्या सातपट मोठं.

आणि अडथळा ओलांडला तरी काम संपत नाही. सुपरऑक्साइड तयार होतो पेशीच्या आत, बराचसा तंतुकणिकेच्या आत. म्हणजे वेस, वाडा आणि माजघर अशी तीन दारं उघडायची आहेत.

झटका आल्यावर हा अडथळा फुटतोच म्हणतात. मग आपोआपच वाट मिळत नाही का?

थोडीफार मिळते. पण अडथळा सैल होणं एकदाच घडत नाही, तासांच्या आणि दिवसांच्या अंतराने होतं, आणि जिथे तो जास्त फुटतो तो भाग बहुधा आधीच गेलेला असतो. वाचवायच्या पट्ट्यात वाट अरुंद आणि मेलेल्या भागात दरवाजे सताड उघडे, असा उलटा प्रकार. शिवाय तीच फट सूज आणि रक्तस्राव आणते, त्यामुळे ती मुद्दाम रुंद करावी असं कुणाला वाटत नाही.

टॅट म्हणजे काय? ते एचआयव्हीमधून येतं हे खरं का?

खरं आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

टॅट हे एचआयव्हीचं एक प्रथिन. ते बाहेरून दिलं तरी पेशीत आपलं आपण शिरतं, हे १९८८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. पुढे कळलं की ही करामत जेमतेम ११ अमिनो आम्लांच्या तुकड्याची आहे. त्यातली आठ, म्हणजे सहा आर्जिनिन आणि दोन लायसिन, धनप्रभारित असतात. पेशीपटलाच्या बाहेरच्या बाजूला ऋणप्रभार असतो, त्याला हा तुकडा चिकटतो आणि पेशी त्याला आत ओढून घेते. या तुकड्यात विषाणू नाही, त्याचं जनुक नाही, संसर्गाचा प्रश्नच नाही. किल्लीचा दाता तेवढा उचलला आहे.

१९९९ मध्ये हा तुकडा बीटा गॅलॅक्टोसिडेज नावाच्या सुमारे १ लाख २० हजार डाल्टनच्या विकराला जोडून उंदरांच्या पोटात टोचला गेला, आणि त्या विकराची खूण मेंदूसकट सगळ्या अवयवांत दिसली. त्या शोधनिबंधाने या क्षेत्राला जोर चढला. दक्षिण कोरियातल्या हॅलिम विद्यापीठातल्या गटांनी टॅट-एसओडी आणि पेप-१ नावाच्या २१ अमिनो आम्लांच्या तुकड्याला जोडलेलं एसओडी अशी संयुक्त प्रथिनं बनवून जर्बिल या प्राण्यात तपासली.

जर्बिलच का?

त्याच्या मेंदूतलं धमन्यांचं वर्तुळ अपुरं असतं, मागच्या बाजूच्या जोडवाहिन्या नसतात. मानेतल्या दोन धमन्या पाच मिनिटं चिमटीत धरल्या की मेंदूच्या पुढच्या भागाचं रक्त थांबतं. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाच्या सीए१ पट्ट्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत, तीन-चार दिवसांनी मरतात. औषध लागू पडलं का हे मोजायला सोयीचं. माणसाच्या झटक्याशी मात्र हे फारसं जुळत नाही. तिथे एक धमनी बंद पडते, तीही पाच मिनिटांसाठी नव्हे. हे हृदय थोडा वेळ बंद पडल्यावर होतं त्याच्या जास्त जवळ जातं.

टॅट जोडलेलं प्रथिन खरंच आत जातं, की तसं दिसतं?

नेमका प्रश्न. सुरुवातीच्या बऱ्याच प्रयोगांत पेशी रसायनात घट्ट करून मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. २००३ मध्ये दाखवलं गेलं की या घट्ट करण्यानेच पटलाला चिकटलेला तुकडा आत पसरल्याचा भास होऊ शकतो. जिवंत पेशीत पाहिलं तर पुष्कळसा माल पेशीने गिळलेल्या पिशव्यांमध्ये अडकून पडलेला दिसतो, आणि तिथून तो बाहेर पडला नाही तर पचवला जातो. काही भाग सुटतो, परिणामही दिसतात, त्यामुळे सगळंच खोटं म्हणता येत नाही. पण ‘मेंदूत पोहोचलं’ या दोन शब्दांत केशवाहिनीच्या भिंतीला चिकटलेलंही धरलं जातं, तेवढं ध्यानात ठेवायला हवं. भिंतीच्या पेशी वाचल्या तरी फायदा होतोच म्हणा, फक्त तो वेगळा फायदा.

टॅटखेरीज आणखी कोणत्या वाटा आहेत?

मेदाच्या बारीक पिशव्यांमध्ये, म्हणजे लिपोसोममध्ये भरलेलं एसओडी १९९० मध्येच उंदरांवर उपयोगी ठरलं होतं. नंतर पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) नॅनोकणांत भरून ते मानेच्या धमनीतून दिलं गेलं, तेही रक्त परत सोडताना. कणांमुळे विकर टिकतं आणि हळूहळू सुटतं.

मला यातली धमनीची वाट सगळ्यात व्यवहार्य वाटते. आज गुठळी काढताना डॉक्टरांची नळी तशीही अडलेल्या धमनीपर्यंत गेलेलीच असते. रक्त सोडण्याच्या क्षणी, नेमक्या जागी औषध देण्याची याहून चांगली संधी कुठली?

आणखी एक वाट प्रतिपिंडांची. लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिनसाठी मेंदूच्या केशवाहिन्यांवर ग्राही (रिसेप्टर) असतात. त्या ग्राहीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला औषध जोडलं की ते लोहाच्या गाडीतून पलीकडे उतरतं. हे आता नुसतं प्रयोगशाळेतलं राहिलेलं नाही. हंटर सिंड्रोम या आनुवंशिक आजारासाठी असं जोडविकर, पाबिनाफस्प अल्फा, जपानने २०२१ मध्ये मंजूर केलं. पण तिथे रुग्णाला आठवड्यागणिक औषध देत राहता येतं. झटक्यात हातात तास असतात, आणि सावकाश पोहोचणारं औषध म्हणजे वरातीमागून घोडं.

नाकातून देणं आणि ध्वनिलहरींनी अडथळा थोडा वेळ सैल करणं, यांवरही काम चालू आहे.

उंदरांत इतकं यश, मग माणसांत अपयश का?

या क्षेत्राला सगळ्यात मोठा धक्का बसला तो एनएक्सवाय-०५९ या औषधाने. हे प्रथिन नव्हतं, मूलकं पकडणारा लहान रेणू होता. २००६ मध्ये सेंट-१ या चाचणीत किंचित फायदा दिसला. २००७ मध्ये ३,३०६ रुग्णांच्या सेंट-२ चाचणीत तो पार नाहीसा झाला, आणि अँटिऑक्सिडंट म्हटलं की गुंतवणूकदार हात आखडते घेऊ लागले.

कारणं शोधली तर बरीचशी प्राण्यांच्या प्रयोगांतच सापडतात. उंदीर तरुण आणि निरोगी, रुग्ण वयस्कर, त्यात रक्तदाब आणि मधुमेह. उंदराला औषध झटक्याआधी किंवा अर्ध्या तासात, माणसाला कित्येक तासांनी. कुणाला औषध दिलं हे मोजणाऱ्याला माहीत असणं, प्राणी थोडे असणं, फसलेले प्रयोग पेटीत राहणं, हेही होतंच. १९९९ मध्ये स्टेअर नावाने अशा प्रयोगांसाठी शिफारशी आल्या, २००९ मध्ये त्या अधिक कडक झाल्या.

माझ्या मते त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. उंदरात संशोधक धमनी अडवायला घातलेला धागा स्वतः काढून रक्त सोडतो. त्या काळातल्या बहुतेक रुग्णांमध्ये धमनी उघडली की नाही याची खात्रीच नसायची. २०१५ मध्ये नळीने गुठळी काढणं सिद्ध झालं, त्यानंतर माणसाची स्थिती पहिल्यांदा त्या उंदरासारखी झाली. म्हणून जुनी औषधं पुन्हा तपासावीत असं म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे.

टॅट जोडलेलं काहीतरी माणसांना दिलं गेलंय का?

दिलं गेलंय. नेरिनेटाइड हा टॅट जोडलेला २० अमिनो आम्लांचा तुकडा. तो अँटिऑक्सिडंट विकर नाही, चेतापेशीतला मृत्यूचा एक निरोप तोडतो. पण टॅटची वाट माणसात चालते का, याची ती परीक्षा होती. २०२० मध्ये ११०५ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला: सगळ्यांचा मिळून फायदा नाही. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज न मिळालेल्यांमध्ये मात्र फायदा दिसल्यासारखं वाटलं. स्पष्टीकरणही पटण्यासारखं होतं. अल्टेप्लेजमुळे रक्तात प्लाझमिन तयार होतं, आणि प्लाझमिन प्रथिन तोडतं ते नेमकं आर्जिनिन आणि लायसिनपाशी. टॅट म्हणजे तर आर्जिनिन-लायसिनचीच माळ! मग फक्त अल्टेप्लेज न घेतलेल्यांवर वेगळी चाचणी झाली, आणि तिथेही अपेक्षित फायदा मिळाला नाही.

टॅट-एसओडी बनवणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यायला हवी: रुग्णाच्या रक्तात दुसरं औषधही असतं.

जपानमध्ये एक अँटिऑक्सिडंट वापरतात असं ऐकलं.

एडाराव्होन. २००१ पासून तिथे तीव्र पक्षाघातासाठी मान्यता आहे. हा लहान रेणू आहे, प्रथिन नाही, त्यामुळे आत शिरायचा प्रश्न सोपा. इतर बऱ्याच देशांत तो पक्षाघातासाठी स्वीकारलेला नाही.

रक्तस्रावाच्या झटक्यात याचा उपयोग?

यंत्रणा वेगळी. तिथे फुटलेल्या लाल पेशींमधलं लोहच मूलकं तयार करत राहतं, तेही कित्येक दिवस. हा स्वतंत्र विषय आहे.

जास्त दिलं तर जास्त फायदा होईल का?

नाही, तोटा होऊ शकतो. एसओडी सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं. पुढे ते पेरॉक्साइड निपटणारं कॅटॅलेज पुरेसं नसेल, तर कचरा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलल्यासारखं होतं, आणि दुसऱ्या खोलीत लोह बसलेलं आहे. म्हणून दोन्ही विकरं एकाच कणात भरण्याकडे कल आहे. शिवाय थोडी मूलकं पेशींना एकमेकींशी बोलायलाही लागतात, ती पुसून टाकायची नसतात. गाईच्या एसओडीची इंजेक्शनं पूर्वी सांध्यांच्या दाहावर वापरात होती, तेव्हा ॲलर्जीच्या तक्रारी आल्या होत्या. परकं प्रथिन टोचायचं तर तेही आलंच.

आमच्या रुग्णाला हे आज मिळेल का?

मिळणार नाही. पक्षाघातासाठी मंजूर झालेलं असं एकही अँटिऑक्सिडंट प्रथिन नाही. कुणी पैसे घेऊन देतो म्हणत असेल तर दूर राहा. नोंदणी झालेल्या चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून औषधाचे पैसे सहसा घेत नाहीत.

आज हातात आहे ती वेळ. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात वर धरता येईना, बोलणं अडखळलं, तर लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा आणि मेंदूचं स्कॅनिंग होणाऱ्या रुग्णालयात तडक जा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ‘थोडं झोपलं की बरं वाटेल’ असं म्हणून रात्र काढू नका.

पुढची बातमी वाचताना काय पाहायचं?

आधी पाहा, औषध झटक्यानंतर किती वेळाने दिलं. मग धमनी पुन्हा उघडली होती का. प्रथिन पेशीच्या आत दिसलं, की नुसतं मेंदूच्या तुकड्यात मोजलं, ज्यात वाहिन्याही येतात. मेलेल्या भागाचा आकार मोजून थांबले, की महिन्याभराने प्राणी चालतो कसा, शिकतो कसा हेही पाहिलं. प्राणी म्हातारे होते का, माद्या होत्या का, दुसऱ्या प्रयोगशाळेलाही तेच दिसलं का. आणि अल्टेप्लेज सोबत दिलं होतं का. हा शेवटचा प्रश्न नेरिनेटाइडआधी फारसा कुणी विचारत नसे.